बिनआवाजाची गाडी

७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या कामाच्या, वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी फोन केला की भावजी स्पीकर लावून स्वतःच बोलत सुटतात आणि मला मागून तुझं नुसतं 'हो, हो' ऐकू येतं. हे बोलणं त्यांच्या कानावर जायला नको.

तुमची जुनी गाडी मी घेतली ती घरचीच म्हणून, डोळे मिटून. आता डोळे उघडलेत. पहिल्याच आठवड्यात गाडीत कुबट वास यायला लागला. मला वाटलं, पडद्यांच्या कापडांचा असेल. पण परवा एका घरी मापं घ्यायला गेले आणि नमुन्यांची पिशवी उचलली, तर खालून ठिबकतेय! अख्खा संच भिजला. मखमलीचा रंग रेशमाला लागला. त्या बाईंसमोर मी ओल्या चिंध्या उलगडत बसले. काम गेलं ते गेलंच.

गॅरेजवाल्याने पायाखालचं मॅट उचललं. खाली गाडीचा पत्राच नाही! गंजून भोक पडलेलं, त्यावर कसल्यातरी खोक्याचं टिनाचं झाकण बसवलेलं आणि वरून डांबर फासलेलं. झाकणावर अजून छापलेलं दिसतंय: 'नाजूक माल. ही बाजू वर.' तेही उलटं. धुराचा पाइप खालून पॅकिंगच्या पट्ट्यांनी आवळून बांधलाय, प्रत्येक पट्टीला चिमट्याने दाबलेली क्लिप, अगदी टापटीप. दारं वाजू नयेत म्हणून आत फोम कोंबलाय. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, ही गाडी कुणी दुरुस्त नाही केलेली. पॅक केलीय."

तो हसला, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. ताई, पडद्यांचे गज आणि कापडाचे तागे मी बसमधून कसे नेऊ? या गाडीवर माझं पोट आहे. भावजींना नीट विचार, आणखी कुठे कुठे हात लावलाय त्यांनी? रागावून नको विचारूस. पण विचार.

तुझी,
शेंडेफळ

१५ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

पत्र धुलाईच्या खोलीत वाचलं. वाळवण्याचं यंत्र चालू असलं की इकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे हवं तेवढं हसता येतं आणि रडताही येतं. त्या उलट्या झाकणाला मी खूप हसले. मग तुझ्या मखमलीचं वाचलं आणि फार वाईट वाटलं.

विचारायचं म्हणतेस. नाही विचारता येणार गं. तुला त्यांचं आताचं माहीत नाही. पॅकिंग खात्यात ते फोरमन होते तेव्हा त्यांचा रुबाब तू पाहिलायस. काचसामान समुद्रापार जायचं आणि एक पेला तडकायचा नाही. खोकं बांधून झालं की कानाशी धरून हलवायचे आणि म्हणायचे, "वाजलं नाही म्हणजे मोडलं नाही." कारखाना बंद झाला आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मी कामावरून आले तरी तसाच. दिवासुद्धा लावलेला नसायचा. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे.

मग तुला गाडी द्यायचं ठरलं आणि ते उठले. 'मेव्हणीला खडखडती गाडी द्यायची नाही,' म्हणून गाडीखाली शिरले. मी खिडकीतून बघायची. शीळ घालायचे गं! तू गाडी घेऊन गेलीस तेव्हा फाटकाशी कान देऊन उभे होते. मला म्हणाले, "ऐकलंस? काही ऐकू येत नाही." लग्नात नव्हता एवढा आनंद त्या चेहऱ्यावर होता.

तू गेल्यापासून रोज विचारतात, मेव्हणीचं काही पत्र? मी आता काय सांगू? एक कर. तिथे गाडी गुपचूप नीट करून घे आणि त्यांना चार ओळी गोड लिहून टाक. त्यात आपलं काय जातं? मी इतकी वर्षं तेच करत आलेय, काही बिघडलं नाही.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

पाठवलं बाई पत्र. 'गाडी लोण्यासारखी चालते, आवाज म्हणून नाही, भावजींच्या हाताला तोड नाही.' लिहिता लिहिता माझ्याच लेखणीची मला लाज वाटली. भावजींवर राग नाही असं नाही. पण भिंतीकडे तोंड करून बसलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. मी लहान असताना मला खोक्यात बसवून घरभर ओढत फिरवणारे हेच ना ते.

आता पुढचं ऐक. इंजिनातलं तेल कमी झालं की समोर जो लाल दिवा लागतो, त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. गॅरेजवाल्याने नखाने पट्टी काढली तर खाली दिवा जळतोच आहे. काय ते बिचाऱ्याचे हाल! तेल भरलं, खालचा पत्रा नवा बसवला, पाइप बदलला. बाकीचं पुढच्या फेरीत बघू म्हणाला, कारण मलाही गाडी लगेच हवी होती. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे मिळालेत.

तू म्हणतेस काही बिघडलं नाही. ठीक आहे. तुझं घर, तुझा नवरा. पण इथून पुढे त्यांना दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावू देऊ नकोस एवढंच सांगते.

शेंडेफळ

९ मार्च

प्रिय मेव्हणीबाई,

आशीर्वाद. तुझे पत्र पावले. पत्र कसले, प्रशस्तीपत्रकच ते! तुझ्या ताईला दोनदा वाचून दाखवले. ती 'हो, हो' म्हणाली. तिला यंत्रातले काय कळणार? समोरच्या निवृत्त मास्तरांना दाखवले. ते म्हणाले, आमच्या स्कूटरचे पण बघा. स्कूटर पाहिली, आवाज घालवला. मग त्यांच्या जावयाची गाडी आली. आता फाटकाला पाटी लावली आहे, रंगाने मीच लिहिली.

तुला म्हणून गुपित सांगतो. हे गॅरेजवाले लोक आवाज कुठून येतो ते शोधत बसतात. अरे, शोधायचे कशाला? आवाज म्हणजे दोन वस्तूंमधली मोकळी जागा. ती भरा, आवळा, विषय संपला. चाळीस वर्षे हेच केले. माणसाचेही तसेच असते, पण ते जाऊ दे.

आता मुख्य बातमी. तुझ्या ताईच्या वृद्धाश्रमाची व्हॅन माझ्याकडे आली आहे! संचालकबाईंना मी तुझे पत्र दाखवले, त्या लगेच तयार झाल्या. म्हाताऱ्यांना डोळे तपासायला न्यायची गाडी, आणि हादऱ्यांनी त्यांची हाडे खिळखिळी होत होती. आसने घट्ट केली. दारे गप्प केली. ब्रेक किंचाळत होते, शिवाय कुठेतरी तेल गळत होते. तुझ्या गाडीला जे केले तेच केले. आता एप्रिलच्या सुरुवातीला छोटासा कार्यक्रम ठेवून त्या माझा सत्कार करणार आहेत. मी नको नको म्हणालो.

तुझ्या गाडीत काही खुट्ट झाले तर कुठे जाऊ नकोस, मला कळव. बाहेरचे लोक हात लावतील आणि सगळे बिघडवून ठेवतील.

तुझा,
भावजी

२० मार्च

ताई,

हे एका दमात वाच आणि वाचून झालं की ऊठ.

माझे ब्रेक गेले. मोठ्या दवाखान्याच्या उतारावर. पुढे एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन रस्त्यात आली, मी जोरात ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. तिथे काहीच नव्हतं, ताई. मी गाडी वळवली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. ती बाई वाचली, बाळ वाचलं, मी वाचले.

गॅरेजवाला यावेळी हसला नाही. ब्रेकची धातूची नळी जिथे गळत होती तिथला तुकडा कापून रबराची नळी बसवलीय आणि दोन्हीकडून त्याच पट्ट्या, त्याच टापटीप क्लिपा. तो म्हणाला, "हळू दाबलं तर धरतं. ज्या दिवशी जोरात दाबाल, त्या दिवशी फुटतं." म्हणजे ब्रेकची खरी गरज पडेल नेमका तेव्हाच तो नसणार.

आणि भावजी मला लिहितात, 'तुझ्या गाडीला जे केले तेच केले.' कळतंय का तुला? ती व्हॅन! त्यात म्हातारी माणसं बसणार!

काल फोन केला तर तुझं पुन्हा 'हो, हो, सगळं ठीक.' मला कळलं की ते शेजारी आहेत. ताई, त्यांना सांग. माझ्या नावावर सांग. म्हणावं, शेंडेफळ खोटारडी आहे, तिने खोटं लिहिलं, गाडी पहिल्या दिवसापासून गळकी होती. ते मला जन्मभर तोंड दाखवू नको म्हणाले तरी चालेल. तुझ्याने होत नसेल तर मी सरळ संचालकबाईंना फोन करते. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते, त्याहून जास्त नाही.

शेंडेफळ

२६ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तू वाचलीस. आधी तेवढंच परत परत वाचलं. कामावरच्या बायांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, साबण डोळ्यांत गेला.

मी सांगायला गेले होते गं. खरंच. परवा जेवताना म्हटलं, "अहो, त्या व्हॅनचे ब्रेक एकदा कुणाला दाखवूया का?" त्यांनी घास खाली ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "का? तुलाही वाटतं का मला येत नाही?" आणि माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं, "नाही हो, उगीच आपलं." मग ते जेवले.

सत्काराला घालायचा कोट त्यांनी मला उसवून पुन्हा शिवायला लावलाय, कारण बारीक झालेत. आता मी ते सगळं त्यांच्या हातून काढून घेऊ? पुन्हा तो भिंतीकडे बसलेला माणूस मला सांभाळायचाय, तुला नाही. रागावू नकोस.

पण म्हातारी माणसं त्यात बसणार नाहीत, हा माझा शब्द. मी सोय केलीय. संचालकबाईंना सांगितलं की आतला रंग अजून ओला आहे, कार्यक्रमापर्यंत कुणाला बसवू नका. आणि ड्रायव्हरकाकांना विश्वासात घेतलंय. मंगळवारी साबणाची पोती आणायच्या निमित्ताने मी आणि ते व्हॅन घेऊन निघू, टेकडीच्या पायथ्याच्या गॅरेजात देऊ आणि ब्रेकचं सगळं नवं करून संध्याकाळी परत आणू. यांना कळणार नाही. तू तुझी गाडी केलीस तशीच.

तू फोन करू नकोस. एवढा एक आठवडा माझ्यावर सोड. टेकडीवरून खाली जाईपर्यंत हळूहळू जाऊ, काका जपून चालवतात. तूच लिहिलंस ना, हळू दाबलं तर धरतं.

तुझी ताई

१९ एप्रिल

प्रिय मेव्हणीबाई,

तू परत गेलीस आणि घर खायला उठले आहे. त्या दिवशी माणसांच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलताही आले नाही. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस. मी समजू शकतो. तुमची आई गेली तेव्हापासून तुला ताईनेच वाढवले.

मला अजून एक गोष्ट कळत नाही. तुझ्या ताईला गाडी लागायची. बसायची वेळ आली तर मागे, खिडकीशी, आल्याचा तुकडा तोंडात धरून. त्या दिवशी ती पुढे ड्रायव्हरशेजारी का बसली? साबण आणायला ती कधीच जात नसे, साबण तिथे पोचता होतो.

आता कामाचे लिहितो. त्या ड्रायव्हरवर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा खटला भरत आहेत. पाय मोडून दवाखान्यात पडला आहे, पण जीभ शाबूत आहे. म्हणतो, वळणावर समोरून ट्रक आला, ब्रेक जोरात दाबला आणि लागलाच नाही. ब्रेकची नळी तुटलेली सापडली. ती धडकेने तुटली असे मी सांगितले आहे. वर म्हणतो, तुझ्या ताईनेच गाडी गॅरेजला न्यायला सांगितली होती! मी नुकतीच केलेली गाडी ती गॅरेजला कशाला नेईल? माझ्या मेलेल्या बायकोच्या नावावर हा माणूस खोटे बोलतो. मी त्याला सोडणार नाही.

तेव्हा तू एक कर. तुझ्या गाडीला मी अगदी हेच काम केले आहे आणि ती उत्तम चालते, असे सहीनिशी लिहून पाठव. पहिले पत्र मी चौकशी करणाऱ्यांना दिलेच आहे, पण ते ताजे मागतात. तुझ्या शब्दावर त्याचे खोटे उघडे पडेल. तुझ्या ताईसाठी एवढे कर.

तुझा,
भावजी

२५ एप्रिल

भावजी,

तुम्ही मागितलं तसं पत्र मी लिहायला घेतलं होतं. ही खरी गोष्ट आहे, म्हणून सांगते. सवय लागली की खोटं किती सहज लिहिता येतं ते मला आता कळलंय.

ड्रायव्हरकाका खरं बोलताहेत. माझी गाडी कधीच नीट चालली नाही. खालून पाणी यायचं, तेलाचा दिवा तुम्ही पट्टीखाली झाकला होता, आणि मार्चमध्ये माझे ब्रेक गेले. तीच रबराची नळी, त्याच पट्ट्या. वाळूचा ढीग नसता तर एक बाळ माझ्या हातून गेलं असतं. लोण्यासारखी वगैरे मी लिहिलं ते खोटं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. ताईने सांगितलं म्हणून, पण लिहिलं मी.

ताईला हे सगळं माहीत होतं. ती साबण आणायला नाही, ब्रेक नवे करून घ्यायला चालली होती, तुमच्या नकळत. तुमचा सत्कार झाला असता, व्हॅन नीट चालली असती आणि ती तुम्हाला जन्मात काही बोलली नसती. म्हातारी माणसं त्यात बसू नयेत म्हणून तिने सोय केली. स्वतःची तेवढी नाही केली.

तुमच्यावर सगळं ढकलत नाही. मी संचालकबाईंना एक फोन करायला हवा होता. तिने थांब म्हटलं आणि मी थांबले. आम्ही दोघी तुम्हाला दुखवायला घाबरलो. तुम्ही कधी आमच्यावर हातही उगारला नाहीत, तरी घाबरलो.

हीच हकीकत मी सहीनिशी चौकशी करणाऱ्यांनाही पाठवतेय. त्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर बरं. एक गरीब माणूस मोडक्या पायाने तुरुंगात जाईल. ताईला ते चाललं नसतं, हे तर तुम्हीही म्हणाल.

मला क्षमा करा असं लिहीत नाही. तेवढी हिंमत नाही.

शेंडेफळ

१० मे

मेव्हणीबाई,

तुझे पत्र मिळाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा फाडून टाकले. मग जोडून पुन्हा वाचले.

मी गेलो. सगळे सांगितले. नळी कशी कापली, पट्टी कशी आवळली, तेही दाखवले. तिथला साहेब तरुण होता, ऐकता ऐकता त्याने खुर्ची मागे सरकवली. ड्रायव्हरवरचा आरोप काढला आहे. माझे काय ते पुढे ठरेल, त्याची मला घाई नाही. ड्रायव्हरला भेटायला गेलो तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. त्याचे बरोबर आहे. पाटी उतरवली. मास्तरांना सांगून आलो की जावयाला गाडी काढू देऊ नका.

तू लिहिलेस की तुम्ही मला घाबरलात. मी कधी आवाजही चढवला नाही, हे माझे मोठेपण समजत होतो.

आता दिवसभर घरात बसतो आणि एकेक आठवत जातो. स्वयंपाकघराचे दार मी बसवले तेव्हा ती म्हणाली, छान झाले. ते दार खाली घासते, हे काल पाहिले. दर रविवारी मी सूप करायचो, ती वाटी पुसून खायची. शीळ घालायचो तेव्हा म्हणायची, घाला हो, बरी वाटते. कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी मी तिला सांगितले. ती हातातले काम ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बरे झाले, आता तुम्ही घरी असाल.

दार, सूप, शीळ, सगळे खोटे असू दे. पण ते शेवटचे तरी तिने मनापासून म्हटले होते का? तुला ती सगळे लिहायची. काही लिहिले असेल तर कळव. जसे असेल तसे कळव, मला बरे वाटेल असे नको.

भावजी